नवे इंजिन रुळविताना

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकसा नावाचे एक गाव आहे. टेकड्यांच्या आणि रानाच्या कुशीत पसरलेला विस्तीर्ण तलाव ही या गावाची ओळख होय. मातीचा बांध घालून हे पाणी अडविले, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी या पाण्यावर उतरतात आणि त्यांना पाहण्यासाठी शहरांतून माणसे येतात. पावसाळ्यात मात्र या भागाचे सारे लक्ष धानाच्या बांध्यांकडे लागलेले असते. मृगाच्या पावसावर पऱ्हे टाकावयाचे, आषाढात चिखल करून रोवणी करावयाची आणि पुढे दिवाळीपर्यंत पिकाची राखण करावयाची, हा येथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे.

या राखणीच्या कामी अलीकडे एक लहानसे यंत्र शेतकऱ्याचे सोबती झाले आहे. ते म्हणजे पाठीवर बांधावयाचा, इंजिनावर चालणारा फवारणी पंप. भाद्रपद-आश्विनात धान निसवू लागते, तेव्हा कधीकधी त्यावर तुडतुडे नावाची बारीक कीड पडते. ती धानाच्या बुडाशी बसून रस शोषून घेते. दुरून पाहावे तर पीक हिरवेगार दिसते आणि काही दिवसांनी मधूनच गोल गोल चट्टे आगीने होरपळल्यासारखे वाळलेले आढळतात. अशा वेळी जाणत्यांच्या सल्ल्याने वेळेवर फवारणी झाली, तर पीक वाचते. ती न झाली, तर वर्षभराचे श्रम बांधीतच वाळून जातात. नेमक्या त्याच दिवशी पंपाचे इंजिन बंद पडले, तर शेतकऱ्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना तुम्हांला करता येईल.

म्हणून या लहान इंजिनाची रचना कशी असते, ते झिजल्यावर मिस्त्री ते पुन्हा कसे बांधतो आणि बांधलेले इंजिन लगेच पूर्ण वेगाने न चालविता काही काळ रुळवावे का लागते, हे आपण या पाठात पाहू.

आपण सायकलीच्या चाकात हवा भरतो, तेव्हा पंपाच्या नळीत एक दट्ट्या वर-खाली सरकतो. इंजिनातही तसेच एक नळकांडे असते. त्यास सिलिंडर म्हणतात आणि त्यात सरकणाऱ्या दट्ट्यास पिस्टन म्हणतात. फरक एवढाच, की पंपातील दट्ट्याला आपण ढकलतो. इंजिनातील पिस्टनला पेटलेला वायू ढकलतो. पिस्टनचे एकदा वर किंवा एकदा खाली जाणे म्हणजे एक धाव. इंधन आत घेणे, ते दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या चार कामांसाठी मोटारीच्या इंजिनाला चार धावा लागतात. फवारणी पंपाचे इंजिन ही चारही कामे दोनच धावांत उरकते. म्हणून त्याला दोन धावांचे किंवा टू-स्ट्रोक इंजिन असे म्हणतात.

हे कसे घडते, ते पाहा. पिस्टनच्या खाली एक हवाबंद पेटी असते. तिला क्रँककेस म्हणतात. पिस्टन वर चढू लागला, की डोक्यावरचे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी खालच्या पेटीत पोकळी निर्माण होऊन नवे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर पोचण्याच्या सुमारास प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली लोटला जातो. खाली येता येता तो सिलिंडरच्या भिंतीतील एक खिडकी उघडतो. त्या खिडकीतून धूर बाहेर पडतो. पिस्टन आणखी थोडा खाली आला, की दुसरी खिडकी उघडते आणि पेटीत दाबून भरलेले ताजे मिश्रण वर येते. येथे उघडझाप करणाऱ्या निराळ्या झडपा नाहीत. पिस्टन हाच दार आणि पिस्टन हाच द्वारपाल! हलणारे भाग थोडे, म्हणून इंजिन हलके, स्वस्त आणि पाठीवर वाहून नेण्याजोगे होते.

दोन धावांच्या इंजिनाचे पहिले यशस्वी रूप ड्युगाल्ड क्लर्क या स्कॉटिश अभियंत्याने सिद्ध केले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यात मिश्रण भरण्यासाठी एक वेगळा पंप लागत असे. पुढे इंग्लंडमधील बाथ या गावी जोसेफ डे यांनी पिस्टनखालच्या पेटीचाच पंपासारखा उपयोग केला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपण वर ज्या इंजिनाचे वर्णन वाचले, त्याचे मूळ या कल्पनेत आहे.

महाराष्ट्रात तर या इंजिनाने एका काळी घराघरांत स्थान मिळविले होते. पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज कारखान्याने १९७२ मध्ये चेतक नावाची स्कूटर बाजारात आणली. महाराणा प्रताप यांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. ही स्कूटर मिळविण्यासाठी लोक नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहत. त्याच वर्षी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक कारखान्याची लूना रस्त्यावर आली. लूनाला पायडल असत. इंजिन रुसले, तर सायकलीसारखी ती पायांनी हाकता येई. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले अशा कितीतरी साध्या माणसांचे संसार या दोन गाड्यांवरून हिंडले. त्या दोहोंच्या पोटात दोन धावांचेच इंजिन होते. आजच्या अनेक जुन्या मिस्त्रींनी आपली विद्या याच गाड्यांवर संपादन केली आणि फवारणी पंपाचे इंजिन त्यांच्या हाती आले, तेव्हा ते त्यांना ओळखीचेच वाटले.

या इंजिनाचा एक विशेष मात्र नीट ध्यानात ठेवावयास हवा. खालच्या पेटीतून सतत इंधन ये-जा करीत असल्यामुळे तेथे वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. हे तेल पिस्टनला आणि बेअरिंगांना वंगण देते आणि अखेर पेट्रोलाबरोबर जळून जाते. तेलाचे प्रमाण प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. प्रमाण १:२५ असेल, तर एक लिटर पेट्रोलात ४० मिलिलिटर तेल घालावयाचे; १:५० असेल, तर २० मिलिलिटर. हे अगदी सोपे गणित आहे. पण ते चुकले, तर इंजिनाच्या जिवावर बेतते. तेल कमी पडले, तर पिस्टन कोरडा घासला जातो. तेल अंदाजाने भरमसाट घातले, तर प्लगवर व धुराच्या वाटेत काजळी साचते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेलाचा वाटा वाढला, की पेट्रोलाचा घटतो. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, की इंजिन अधिक तापते. तेव्हा जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असे समजू नये. योग्य प्रमाण हीच खरी काळजी होय.

इतकी काळजी घेऊनही झीज कोणाला चुकली आहे? पिस्टनभोवती लोखंडी कड्या असतात. त्यांना रिंग म्हणतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट बुजवून ठेवणे हे त्यांचे काम. मिनिटाला हजारो वेळा घासून घासून रिंगा झिजतात, सिलिंडरही झिजतो आणि दाबलेला वायू फटीतून निसटू लागतो. मग इंजिन सुरू करण्यासाठी दोरी ओढताना हाताला पूर्वीचा अडथळा जाणवत नाही. दहा वेळा ओढावे, तेव्हा इंजिन एकदा बोलते. त्याचा जोर घटतो, आवाज खडखडतो. जाणता मिस्त्री नुसती दोरी ओढून सांगतो, “याचे काम निघाले.”

अशा इंजिनाची दुरुस्ती म्हणजे नुसते जुने काढून नवे घालणे नव्हे. चांगला मिस्त्री प्रथम इंजिनाभोवतीची माती व गवत साफ करतो. कारण आत गेलेला वाळूचा एक कणही नवा पिस्टन ओरबाडण्यास पुरेसा असतो. मग तो वरचे हेड उतरवितो, सिलिंडर वर ओढून घेतो आणि पिस्टन उजेडात धरून बारकाईने पाहतो. त्याच्या दृष्टीने पिस्टन म्हणजे एक लिहिलेले पानच असते. सगळीकडे सारखी झीज असेल, तर इंजिन वयाने थकले असे तो समजतो. उभे ओरखडे आणि वितळल्यासारखे डाग असतील, तर काहीतरी चूक घडली आहे, हे तो ओळखतो. तेल कमी पडले काय? हवेची गाळणी फाटली काय? थंडाव्यासाठी सिलिंडरभोवती जी पाती असतात, त्यांत चिखल आणि तणस अडकले होते काय? की क्रँकच्या टोकाचे रबरी सील फाटून खालच्या पेटीत नको ती हवा शिरली? या प्रश्नांचे उत्तर मिळविल्यावाचून नवा पिस्टन बसविला, तर तोही जुन्याच वाटेने जातो. रोगाचे मूळ न शोधता औषध देणाऱ्या वैद्यासारखेच ते होईल.

कारण सापडले, की मापे घेण्याचे काम सुरू होते. बिडाचा सिलिंडर झिजून वेडावाकडा झाला असेल, तर तो यंत्रावर किंचित मोठा करून घेतात. याला बोअरिंग म्हणतात. मग त्यात तेवढाच मोठा पिस्टन बसवितात. असे पिस्टन पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर अशा चढत्या मापांत तयार मिळतात. काही सिलिंडरांना आतून कठीण धातूचा मुलामा असतो; ते वाढविता येत नाहीत, नवेच घ्यावे लागतात. बोअरिंगनंतर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटवितात. त्या रेषांत तेल टिकून राहते. भिंत आरशासारखी गुळगुळीत असावी असे आपणांस वाटेल. पण तशा भिंतीवर तेल ठरत नाही.

नवी रिंग प्रथम रिकाम्या सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट मोजावी लागते. फट फारच कमी असेल, तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांस भिडतात आणि रिंग मोडते. फट फार मोठी असेल, तर वायू निसटतो. पिस्टनच्या खाचेत एक इवलीशी खुंटी असते. रिंगेची टोके तिच्या दोन बाजूंस नीट बसवावयाची, म्हणजे रिंग फिरत नाही आणि तिचे टोक खिडकीत अडकत नाही. पिस्टनच्या माथ्यावर पुष्कळदा एक बाण कोरलेला असतो. तो धूर बाहेर जाण्याच्या बाजूस असावा लागतो. पिस्टन ज्या पिनेवर बसतो, तिच्या दोन्ही टोकांना तारेच्या लहान कड्या असतात. त्या नव्याच घालावयाच्या. घालताना खालच्या पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावयाचे, नाहीतर निसटलेली कडी पेटीत पडून सारे इंजिन पुन्हा खोलावे लागते. शेवटी हेडच्या चाक्या कर्णाच्या दिशेने, थोड्या थोड्या करून आवळावयाच्या. एकच बाजू आधी घट्ट केली, तर हेड वाकडे बसते. या साऱ्या गोष्टी लहान आहेत. पण इंजिन अशाच लहान गोष्टींवर उभे असते.

आता इंजिन बांधून झाले. ते पहिल्या-दुसऱ्या ओढीलाच सुरू झाले. मग त्याला तात्काळ पूर्ण कामास का जुंपू नये?

याचे उत्तर नव्या भागांच्या अंगावर असते. यंत्रावर कापलेला धातू डोळ्यांना गुळगुळीत दिसतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर डोंगर आणि दऱ्या दिसतील. नवी रिंग आणि नवी भिंत एकमेकींवर घासतात, तेव्हा प्रथम या डोंगरांची शिखरेच एकमेकांस भिडतात. शिखरे हळूहळू घासून सपाट झाली, की रिंग सर्व बाजूंनी भिंतीशी जुळते आणि तेलाचा पातळ थर दोहोंच्या मध्ये निर्वेध पसरतो. तोपर्यंत घर्षण जास्त असते आणि घर्षणाबरोबर उष्णताही जास्त असते. त्यातच पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बहुधा बिडाचा असतो. सारखेच तापविले असता ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. पिस्टन आणि भिंत यांच्यातील फट तर केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी असते. नवे इंजिन एकदम पूर्ण जोराने चालविले, की पिस्टन झपाट्याने तापून फुगतो, फट नाहीशी होते आणि पिस्टन भिंतीला घट्ट धरून बसतो. इंजिन जाम होते ते असे. नवा पिस्टन, नवा सिलिंडर आणि मिस्त्रीचे श्रम काही क्षणांत वाया जातात.

म्हणून नव्या इंजिनास प्रथम रुळवावे लागते. गोऱ्हा पहिल्याच दिवशी भरलेल्या गाडीला कोणी जुंपत नाही. आधी मानेवर जू ठेवतात, मग रिकामी गाडी, मग थोडे ओझे. मातीच्या नव्या धरणाचेही तसेच आहे. ते पहिल्याच पावसाळ्यात काठोकाठ भरू देत नाहीत. पाणी टप्प्याटप्प्याने चढवितात आणि बांध कसा बसतो, यावर लक्ष ठेवतात. जो भार पुढे कित्येक वर्षे सोसावयाचा, त्याची ओळख हळूहळू करून द्यावी लागते.

फवारणी पंपाचे इंजिन रुळविताना जाणते मिस्त्री पंपाच्या टाकीत औषधाऐवजी स्वच्छ पाणी भरतात. इंजिन सुरू करून थोडे गरम होऊ देतात आणि मग मध्यम वेगाने काही मिनिटे चालवून बंद करतात. ते पूर्ण निवले, की पुन्हा चालवितात. प्रत्येक खेपेस वेळ थोडा वाढवितात. वेग एकसारखा ठेवीत नाहीत. कधी कमी, कधी किंचित जास्त करतात. पहिल्या काही टाक्या इंधन संपेपर्यंत पूर्ण वेगाचे नाव काढीत नाहीत. येथे एक शंका येईल. इतके जपावयाचे, तर इंजिन नुसते मंद गतीने घरघरत का ठेवू नये? तेही हिताचे नाही. वायूच्या दाबामुळेच रिंग भिंतीवर नीट दाबली जाते. भारच नसेल, तर रिंग भिंतीशी जुळत नाही आणि भिंतीवर जळलेल्या तेलाचा चकचकीत लेप बसतो. फार ताण जसा वाईट, तसे फार लाडही वाईटच. रुळविणे म्हणजे झेपेल तेवढे काम देणे आणि मध्ये विसावा देणे.

शेवटी मिस्त्री प्लग काढून पाहतो. त्याचे टोक कॉफीसारखे तपकिरी दिसले, तर सारे ठीक आहे असे तो मानतो. ते पांढरेफटक दिसले, तर इंजिन फार तापते आहे. काळे व ओले दिसले, तर तेल किंवा पेट्रोल जास्त होत आहे. इंजिन बोलत नाही. पण आपल्या खुणा सोडल्यावाचून राहत नाही.

घाईच्या वेळी ही शिस्त पाळणे किती कठीण असते, हे एका प्रसंगावरून कळेल. आश्विनातील एके दिवशी दुपारी एक शेतकरी जाम झालेला पंप खांद्यावर घेऊन मिस्त्रीच्या दुकानात आला.

“मिस्त्री, आज सायंकाळीच पंप हवा. बांधीत तुडतुडे उतरले आहेत,” तो म्हणाला.

“भाऊ, सायंकाळी इंजिन बांधून देतो. पण उद्याच त्यावर चार एकर फवारा, असे मी सांगणार नाही.”

“बांधून झाल्यावर मग अडचण कसली?”

“पिस्टन नवा आहे. उद्या त्याला पूर्ण जोराने पळवाल, तर दुसऱ्या बांधीत तो पकडेल. मग पीकही हातचे जाईल आणि आजचा खर्चही.”

शेतकरी काही वेळ गप्प राहिला. बांधीत वाळणारे धान त्याच्या डोळ्यांसमोर उभे होते. मिस्त्रीने त्याला आपल्याकडचा हाताने दांडा मारावयाचा जुना पंप दिला. “जिथे चट्टे पडले आहेत, तिथे आज याने मारा. दुधाची तहान ताकावर भागवू. उद्या सकाळी तुमच्या टाकीत पाणी भरून मी स्वतः इंजिन चालवितो. परवा तुम्ही घेऊन जा; पण अर्ध्या जोराने चालवा आणि टाकी भरताना दर खेपेस त्याला निवू द्या.”

शेतकऱ्याने तसेच केले. चट्टे पडलेला भाग वाचला नाही. परंतु कीड पुढे पसरली नाही आणि उरलेले धान खळ्यावर आले. पुढच्या वर्षी चैत्रातच, बांध्या कोरड्या पडलेल्या असताना, तो पंप घेऊन दुकानात हजर झाला. “आता भरपूर वेळ आहे. इंजिन खोला, बांधा आणि रुळवा,” असे तो म्हणाला. मिस्त्री हसला. त्याला याहून मोठी दक्षिणा नको होती.

या इंजिनाचा एक दोषही आपण जाणून घेतला पाहिजे. धूर बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची अशा दोन्ही खिडक्या क्षणभर एकदमच उघड्या राहतात. त्यामुळे थोडे मिश्रण न जळताच बाहेर निसटते. त्यात तेलाचा निळसर धूर मिसळतो आणि हवा दूषित होते. याच कारणाने प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर रस्त्यावरील गाड्यांतून हे इंजिन हळूहळू मागे पडले. चेतक आणि लूना ही नावे मात्र पुन्हा आली आहेत. २०२० मध्ये चेतक आणि २०२४ मध्ये लूना विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या रूपाने बाजारात आल्या. त्यांत पिस्टनही नाही आणि रिंगाही नाहीत. शेतातही बॅटरीवर चालणारे पंप दिसू लागले आहेत. तरीही फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे आणि लाकूड कापण्याच्या करवती यांत दोन धावांचे इंजिन अजून काम करीत आहे, आणि ते बांधणाऱ्या हातांची गरजही संपलेली नाही.

नवे इंजिन एकदा सुरू झाले, की ते तयार झाले असे आपणांस वाटते. मिस्त्रीला तसे वाटत नाही. भाग बसविले, की त्याचे अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम ते भाग एकमेकांशी जुळवून घेण्याचे असते आणि ते हातोडीने होत नाही, वेळ देऊनच होते. हा वेळ संकट दाराशी आल्यावर मागून मिळत नाही. तो चैत्रात काढून ठेवावा लागतो, तेव्हा कोठे आश्विनात धान वाचते.

शब्दार्थ

पऱ्हे – धानाची रोपे. बांधी – बांध घातलेला धानाच्या शेताचा तुकडा. निसवणे – लोंबी बाहेर पडणे. वंगण – घर्षण कमी करणारा स्निग्ध पदार्थ. बीड – ओतीव लोखंड. काजळी – धुरामुळे साचणारा काळा थर. तणस – धानाचे वाळलेले काड. गोऱ्हा – तरुण बैल. निर्वेध – अडथळ्यावाचून. रुळणे – सवयीने सुरळीत होणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दोन धावांच्या इंजिनात तेल पेट्रोलात का मिसळावे लागते?
(आ) जोसेफ डे यांनी कोणती नवी कल्पना वापरली?
(इ) रिंगेच्या दोन टोकांतील फट का मोजतात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नवे इंजिन एकदम पूर्ण जोराने चालविल्यास काय होते? का?
(आ) “फार ताण जसा वाईट, तसे फार लाडही वाईटच.” हे विधान इंजिनाच्या संदर्भात स्पष्ट करा.
(इ) मिस्त्रीने शेतकऱ्याची अडचण कशी सोडविली? त्यातून मिस्त्रीचे कोणते गुण दिसतात?

३. एका पंपासाठी तेलाचे प्रमाण १:२५ आहे. अडीच लिटर पेट्रोलात किती मिलिलिटर तेल घालावे लागेल?

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, हातचे जाणे, दुधाची तहान ताकावर भागविणे.

५. ‘रुळणे – रुळविणे’ या जोडीप्रमाणे पुढील क्रियापदांची प्रयोजक रूपे लिहा.
बसणे, फिरणे, चढणे, चालणे, वाचणे (जीव वाचणे).

६. गावातील एखाद्या मिस्त्रीला, सुताराला किंवा लोहाराला भेटा. ‘घाई केल्यास कोणते काम बिघडते?’ असे त्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा. पेट्रोलाजवळ किंवा चालू यंत्राजवळ मोठ्या माणसांवाचून जाऊ नका.